महमूद गावान

धुळ्याहून आग्र्याच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले, म्हणजे थोड्याच वेळात सोनगीर लागते. गावालगत एक टेकडी आहे व तिच्यावर जुना किल्ला आहे. सोनगीरचे नाव निघाले, की खानदेशातील माणसाला तेथील तांब्यापितळेची भांडी आठवतात. परंतु किल्ल्याच्या टेकडीवर उभे राहून खालच्या रस्त्याकडे पाहावे, म्हणजे येथे किल्ला का बांधला असेल, हे कोणी न सांगताही कळते. वाटेवर नजर ठेवावयास याहून सोयीची जागा सापडणे कठीण. पंधराव्या शतकात खानदेशावर फारुकी घराण्याचे राज्य होते आणि बऱ्हाणपूर ही त्यांची राजधानी होती. उत्तरेस माळव्याचा सुलतान, पश्चिमेस गुजराथचा सुलतान व दक्षिणेस बहामनी सुलतान, अशा तीन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये हा मुलूख सापडला होता. शेजारी एकमेकांशी भांडले, की घोड्यांच्या टापा खानदेशच्या वाटांवर वाजू लागत.

इ. स. १४६२ साली असेच एक मोठे भांडण जुंपले. माळव्याचा सुलतान महमूद खिलजी थेट बहामनी राज्याच्या राजधानीवर, म्हणजे बीदरवर, चालून गेला. बहामनी गादीवर त्या वेळी आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. बीदर शहर शत्रूच्या हाती पडले आणि राजमाता आपल्या मुलाला घेऊन भीमेकाठच्या फिरोजाबादेस निघून गेली. गुजराथच्या सुलतानाकडे मदतीसाठी पत्रांमागून पत्रे गेली. पुढे महमूद बेगडा या नावाने प्रसिद्धीस आलेला हा सुलतान त्या वेळी अवघा सतरा वर्षांचा होता. तो फौज घेऊन निघाला. बहामनी राज्याचा एक सरदार त्यास वाटेत येऊन मिळाला आणि खानदेशातून, बऱ्हाणपूरच्या वाटेने, दोघांनी मोठ्या त्वरेने कूच केले. त्यांच्या येण्याची बातमी लागताच माळव्याच्या सुलतानाने वेढा उठविला व गोंडवनाच्या रानातून तो आपल्या देशी परत गेला.

बहामनी राज्याचा तो सरदार मूळचा शिपाई नव्हे. नऊच वर्षांपूर्वी तो व्यापारासाठी जहाजाने दाभोळच्या बंदरात उतरला होता. त्याचे नाव महमूद गावान.

गावानचा जन्म इ. स. १४११ च्या सुमारास इराण देशात झाला. इराणच्या उत्तरेस कास्पियन समुद्र आहे. त्या समुद्राच्या काठचा गिलान हा प्रांत म्हणजे दाट झाडीचा, भरपूर पावसाचा, बराचसा आपल्या कोकणासारखा मुलूख. गावानच्या घराण्यातील पुरुषांनी गिलानच्या राजांकडे वजिरी केली होती. परंतु वजिराचे घर म्हटले, की हेवादावा आलाच. दरबारातील कारस्थानांना कंटाळून गावानने तरुणपणीच जन्मभूमी सोडली व व्यापार पत्करला. देशोदेशी फिरताना माल विकावा, नफा जोडावा आणि गावोगावच्या विद्वानांच्या पायांशी बसून चार गोष्टी शिकाव्या, असा त्याचा क्रम होता. गणित व वैद्यक यांचे त्याला चांगले ज्ञान होते आणि फार्सी गद्यपद्य लिहिण्यात त्याचा हातखंडा होता.

इ. स. १४५३ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो दाभोळास आला. त्या काळी दाभोळ हे कोकण किनाऱ्यावरील मोठे गजबजलेले बंदर होते. दक्षिणेत चांगले घोडे निपजत नसत. म्हणून अरबस्थान व इराण येथून घोड्यांनी भरलेली जहाजे दाभोळ, चौल, गोवे या बंदरांस लागत. दाभोळहून घाट चढून गावान बीदरला गेला. तेथील साधुपुरुषांचे दर्शन घ्यावे व परत फिरावे, एवढाच त्याचा विचार होता. परंतु सुलतान अलाउद्दीन अहमदशहाने त्याची हुशारी ओळखली व त्याला आपल्या पदरी ठेवून घेतले. परत जाण्याचा बेत तेथेच राहिला. गावानने पुन्हा आपला देश पाहिला नाही.

याच १४५३ साली, बीदरपासून हजारो कोसांवर, आणखी एक मोठी घटना घडली होती. उस्मानी तुर्कांचा तरुण सुलतान दुसरा महंमद याने कॉन्स्टॅन्टिनोपल हे पुरातन शहर जिंकून घेतले. हेच आजचे इस्तंबूल. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध होता असे नाही. तरी पण हा तुर्की सुलतान आपण ध्यानात ठेवू. कारण पुढे त्याचा व गावानचा पत्रव्यवहार व्हावयाचा आहे.

बीदरच्या दरबारात गावान एकेक पायरी वर चढत गेला. नलगोंड्याकडील बंड मोडण्याची कामगिरी त्याच्यावर सोपविली गेली, ती त्याने पार पाडली. पुढच्या सुलतानाने त्याला मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा किताब दिला. हा त्या राज्यातील फार मोठा मान होता. नंतर गादीवर एकामागून एक असे दोन अज्ञान राजपुत्र आले. पहिला निजामशहा, तो १४६३ साली बालवयातच मरण पावला. त्याचा धाकटा भाऊ महंमदशहा गादीवर बसला, तेव्हा तोही नऊ-दहा वर्षांचाच होता. राजमातेच्या सल्ल्याने, आणि १४६६ नंतर मुख्य वजीर या नात्याने, राज्याचा भार गावानने वाहिला. राजा लहान असला, की सरदारांचे फावते. परंतु या मुलाचे राज्य गावानने त्याच्यासाठी जपून ठेवले, एवढेच नव्हे, तर वाढविले. पश्चिमेकडे त्याने दोन-तीन वर्षे मोहीम चालविली. सह्याद्रीतील निबिड अरण्ये तोडीत, पावसाळ्यात कोल्हापुरास तळ देऊन, त्याने खेळणा किल्ला घेतला. हाच पुढे विशाळगड या नावाने प्रसिद्ध झाला. १४७२ साली त्याने विजयनगरच्या ताब्यातील गोवे जिंकले. युद्धात तो मृदू होता असे कोणी समजू नये. त्या काळचे सेनापती जसे कठोर असत, तसाच तोही होता.

राज्यकारभारात मात्र त्याची दृष्टी इतरांहून निराळी होती. बहामनी राज्याचे चार मोठे प्रांत होते आणि प्रत्येक प्रांताचा सरदार आपापल्या ठिकाणी राजाच होऊन बसला होता. गावानने चारांचे आठ प्रांत केले. पूर्वी प्रांतातील सर्व किल्ले सुभेदाराच्या हाती असत. आता त्याच्याकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्यांवर सुलतानाने किल्लेदार नेमावेत, असे ठरविले. पदरी जितकी फौज ठेवण्याबद्दल पैसा मिळतो, तितकी फौज खरोखर आहे की नाही, याची तपासणी होऊ लागली. जमिनीची मोजणी करविली. या सुधारणांनी राज्य बळकट झाले. परंतु ज्यांचे प्रांत निम्मे झाले, त्यांच्या मनात काटा रुतून बसला. त्यातच दरबारात दोन तट होते. एक दख्खनी सरदारांचा, दुसरा इराण-तुर्कस्थानातून आलेल्या परदेशी सरदारांचा. गावान परदेशी खरा, पण नेमणुका करताना तो दोन्ही तटांची समजूत राखू पाही. दोघांनाही सांभाळू जाणाऱ्याची जी गत होते, ती पुढे त्याची झाली.

गोव्याच्या विजयानंतरची एक गोष्ट फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. गावान बीदरला परतला, तेव्हा सुलतान स्वतः त्याच्या वाड्यात पाहुणा म्हणून राहिला. राजमातेने त्याला भाऊ मानले. सुलतानाने आपल्या अंगावरची वस्त्रे त्याला दिली. असा गौरव क्वचितच कोणाच्या वाट्याला येतो. पाहुणे गेल्यावर गावान एका खोलीत शिरला, त्याने दार लावून घेतले, भरजरी वस्त्रे उतरविली आणि जमिनीवर पडून तो पुष्कळ वेळ रडला. बाहेर आला तो फकिराच्या वेशात. शहरातील विद्वान व साधुपुरुष यांना बोलावून त्याने आपली रोकड, जडजवाहीर, सामानसुमान सारे वाटून टाकले. फक्त हत्ती, घोडे व ग्रंथ तेवढे ठेवले. एकाने कारण विचारले, तेव्हा त्याने उलगडा केला, की हत्तीघोडे सुलतानाचे आहेत आणि ग्रंथ विद्यार्थ्यांचे आहेत. जे आपले नाही, ते दान कसे करावयाचे? फिरिश्त्याने हे गावानच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिले. एवढ्या काळात गोष्टीला थोडा रंग चढला असेलही. पण ग्रंथांविषयी जे सांगितले आहे, त्याची साक्ष द्यावयास बीदरला एक इमारत उभी आहे.

ही इमारत म्हणजे गावानचा मदरसा. इ. स. १४७२ च्या सुमारास तो बांधून पुरा झाला. मदरसा म्हणजे विद्यालय. परंतु हे नुसते वर्गांचे घर नव्हते. दर्शनी बाजूस मशीद व ग्रंथालय होते, आत व्याख्यानांसाठी उंच दालने होती, आणि विद्यार्थ्यांसाठी छत्तीस खोल्या व अध्यापकांच्या निवासासाठी सहा जागा होत्या. प्रार्थना, अध्ययन, वाचन, राहणे, जेवणे, सारे एकाच छपराखाली. विद्यार्थ्यांकडून त्याबद्दल काही घेतले जात नसे. ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते. आज हा आकडा कोणाला लहान वाटेल. पण त्या काळी आपल्याकडे छापखाने नव्हते. प्रत्येक ग्रंथ कोणी तरी बोरूने, एकेक अक्षर काढून उतरविलेला असे. एक मोठा ग्रंथ नकलून काढण्यास महिनेच्या महिने लागत. तीन हजार ग्रंथांमागे किती लेखकांचे डोळे शिणले असतील, याचा तुम्हीच हिशेब करा.

इमारत पूर्वाभिमुख आहे. लांबी सुमारे २०५ फूट व रुंदी १८० फूट. मधोमध शंभर फुटांचा चौरस चौक. भोवती तीन मजले चढविलेले आहेत. उत्तर, दक्षिण व पश्चिम या तीन बाजूंच्या मध्यावर भिंत अर्ध्या अष्टकोनाच्या आकाराने बाहेर येते व तिच्यावर घुमट आहे. या घडणीमुळे आतील दालनांत उजेड व वारा पुष्कळ येतो. ओल वर चढू नये म्हणून पायात शिशाचे पत्रे घातले आहेत, असे सांगतात. दर्शनी बाजूच्या दोन कोपऱ्यांवर दोन मनोरे होते. त्यांची उंची १३१ फूट. मनोऱ्याचे सज्जे खालून घोडे देऊन तोललेले नाहीत. भिंतच फुगत फुगत बाहेर येते आणि सज्जा होते, जणू कुंभाराने ओल्या मातीला चाकावर दिलेला आकार.

सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे या इमारतीचा रंग. दक्षिणेतील कारागीर काळ्या व तांबड्या दगडातून शिल्प कोरून काढीत. गावानची इमारत इराणी पद्धतीची. भाजलेल्या मातीच्या फरश्यांवर काचेसारखा चकाकणारा लेप द्यावयाचा, त्यांचे लहान लहान तुकडे जुळवावयाचे आणि सारी भिंत त्यांनी मढवावयाची, ही खोरासान प्रांताकडील कला. निळ्या, पांढऱ्या, हिरव्या, पिवळ्या फरश्यांनी दर्शनी भिंत झगमगत असे. मनोऱ्यावर नागमोडी पट्टे फिरविलेले आणि भिंतीच्या माथ्यावर कुराणातील वचने मोठ्या सुंदर अक्षरांत लिहिलेली. बीदरची जमीन तांबडी आहे. तांबड्या माळावर ही निळी इमारत लांबून कशी दिसत असेल! जन्मभूमी पुन्हा न पाहिलेल्या माणसाने तिचा एक तुकडाच जणू येथे आणून ठेवला होता.

इमारत उभारणे पैशाने होते. गुरू आणणे त्याहून अवघड. त्यासाठी गावानजवळ एकच साधन होते, ते म्हणजे त्याची लेखणी. तो नामांकित पत्रलेखक होता. पत्रे कशी लिहावीत या विषयावर त्याने एक ग्रंथही रचला. इराण, इराक, मिसर येथील राजांना व पंडितांना त्याची पत्रे जात. हेरात शहरी राहणारा थोर कवी जामी यास त्याने बीदरला येण्याविषयी आग्रहाने लिहिले. जामी आला नाही. मात्र पत्रांतून दोघांचा स्नेह जडला. उस्मानी सुलतान दुसरा महंमद याच्याशीही गावानने पत्रे व वकील यांच्या द्वारे संबंध जोडला. एक पत्र बीदरहून बंदरास जावे, वाऱ्याची वाट पाहावी, समुद्र ओलांडावा, मग उंटांवरून वाळवंट तुडवावे, तेव्हा कोठे ते इस्तंबूलला पोचे. त्या सुलतानानेही आपल्या नव्या राजधानीत १४६३ ते १४७० या काळात एक भव्य मशीद बांधविली होती. तिच्या भोवती आठ विद्यालये, ग्रंथालय, रुग्णालय व अन्नछत्र अशी सारी वसाहतच त्याने वसविली होती. एक सम्राट व एक व्यापारी वजीर, दोघे इतक्या दूर असून एकाच दशकात सारखेच काम करीत होते.

याच सुमारास निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी बीदरला आला. चौलला उतरून, जुन्नरवरून, एक घोडा विकावयास घेऊन तो आला होता. सरदारांचा थाट पाहून त्याचे डोळे दिपले. पण खेड्यांतील माणसे अत्यंत दरिद्री आहेत, हेही त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदविले आहे. गावानच्या पंक्तीला रोज शेकडो माणसे जेवतात, असे तो सांगतो. स्वतः गावान मात्र साधेपणाने राही. जहागिरीचे उत्पन्न फौज व दानधर्म यांकडे जाई. आपल्या जेवणाखाण्याचा खर्च तो जुन्या व्यापारातील भांडवलाच्या नफ्यातून करी. मातीच्या भांड्यांत त्याचे अन्न शिजे व चटईवर तो निजे, असे सांगतात.

आणि ज्या लेखणीने त्याला कीर्ती दिली, तिच्याच सोंगाने त्याचा घात झाला. ज्यांचे अधिकार कमी झाले होते, त्या सरदारांनी कट रचला. गावानची मोहर सांभाळणाऱ्या गुलामाला त्यांनी वश केले. तो नशेत असताना एक घडी घातलेला कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला व त्यावर मोहर उठवून घेतली. मग त्या कागदावर, ओरिसाच्या राजाने बहामनी राज्यावर स्वारी करावी, अशा मजकुराचे खोटे पत्र लिहिले. सुलतान तेव्हा आंध्रातील कोंडपल्लीच्या छावणीत होता. गावानचा मुख्य आधार युसुफ आदिलखान दूर कामगिरीवर होता. सुलतान मद्याच्या धुंदीत असताना ते पत्र त्याला दाखविण्यात आले.

गावानला ताबडतोब बोलावणे आले. मित्रांनी त्याला सावध केले. फौज तयार आहे, रातोरात गुजराथेत निघून जावे, असेही सुचविले. त्याने ते मानले नाही. सुलतानाने पत्र पुढे टाकले. मोहर आपली आहे, पण पत्र आपले नाही, एवढेच गावानने सांगितले. चौकशी झाली असती, तर घटकाभरात खरे-खोटे उघड झाले असते. चौकशी झाली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, वजिराचा शिरच्छेद करण्यात आला. हुकूम देणारा सुलतान महंमदशहा म्हणजे, ज्याचे राज्य गावानने जपले होते, तोच मुलगा. पुरता महिनाही उलटला नाही, तोच ३ मे १४८१ रोजी तिकडे उस्मानी सुलतान दुसरा महंमदही मरण पावला.

गावानच्या संपत्तीची झडती झाली. इतकी वर्षे वजिरी केलेल्या माणसाकडे अगणित धन निघेल, अशी सुलतानाची अटकळ होती. खजिन्यात निघाले ते अगदी थोडे. कट उघडकीस आला, तेव्हा फार उशीर झाला होता. सुलतान पश्चात्तापाने व मद्याने खचला आणि वर्ष पुरे होण्याच्या आतच, १४८२ च्या मार्चमध्ये, वारला. गावानने आठ प्रांतांत बांधून ठेवलेले राज्य पुढील काही वर्षांत फुटले व त्याच्या पाच शाह्या झाल्या. गावानला बीदरजवळ पुरले आहे. त्याच्या कबरीवर घुमट नाही.

मदरसा मात्र चालू राहिला. फिरिश्त्याच्या वेळी, सव्वाशे वर्षांनंतरही, इमारत नुकतीच बांधल्यासारखी दिसे. पुढे १६५७ साली औरंगजेबाने बीदर घेतले आणि विद्यालयात शिपायांची वस्ती झाली. ज्या दालनांत ग्रंथ असावयाचे, तेथे दारूगोळा भरला गेला. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्या दारूचा भडका उडाला. प्रवेशद्वार, दक्षिणेकडील मनोरा व दर्शनी भागाचा मोठा हिस्सा उडून गेला. इस्तंबूलच्या मशिदीचेही दैव फारसे निराळे नव्हते. १७६६ च्या भूकंपात ती ढासळली व तिच्या जागी दुसरी बांधण्यात आली.

बीदर हे शहर आता कर्नाटक राज्यात आहे. तेथे गेल्यास मदरशाचा उत्तरेकडील मनोरा अद्याप उभा दिसतो. त्याच्या अंगावर निळ्या फरश्यांचे तुकडे कोठे कोठे टिकून आहेत; बाकीच्या जागी उघडा चुना आहे. ते तीन हजार ग्रंथ तेथे नाहीत. पण गावानने स्वतः लिहिलेली पत्रे नकलाकारांनी जपली. ‘रियाज-उल्-इन्शा’ या नावाचा त्यांचा संग्रह १९४८ साली हैदराबादेस छापला गेला. जामीला लिहिलेली पत्रे त्यात आहेत आणि इस्तंबूलच्या सुलतानाला लिहिलेलीही आहेत.